कॅसेटवर नाव उस्तादाचं

२३ जून १९९६ रोजी ‘निन्टेन्डो ६४’ हे व्हिडिओ गेमचं यंत्र जपानच्या दुकानांत आलं, तेव्हा त्याच्यासोबत खेळ होते फक्त तीन. एक मारिओचा, दुसरा आकाशात उडण्याचा आणि तिसरा ‘साइक्यो हाबू शोगी’. पहिल्या दोघांत त्रिमिती दृश्यांची आतषबाजी, तर तिसऱ्यात शतकानुशतकं चालत आलेलं जपानी बुद्धिबळ. त्याला हा मान मिळाला यात नवल नव्हतं. त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला योशिहारू हाबू यांनी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, शोगीचे त्या काळचे सातही किताब एकाच वेळी आपल्याकडे आणले होते. कॅसेट खपवायला तेवढं नाव पुरेसं होतं.

ही रीत जुनी. निन्टेन्डोचं ‘फॅमिकॉम’ १९८३ साली बाजारात आलं. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरांत मारिओ आणि कॉन्ट्रा घेऊन आलेली स्वस्त यंत्रं याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. १९८५ मध्ये सेटा कंपनीने त्यावर शोगीची कॅसेट काढली, ती कुनिओ नाइतो या नवव्या दानाच्या, म्हणजे श्रेणीच्या, खेळाडूच्या नावाने. नाइतो पटावर जितके प्रसिद्ध, तितकेच गायक म्हणूनही. त्यांचं ‘ओयुकी’ हे गाणं १९७६ साली गाजलं होतं. पाठोपाठ कोजी तानिगावांच्या नावाची ‘शोगी शिनान’, म्हणजे शोगीची शिकवणी, आली. १९८३ मध्ये एकविसाव्या वर्षी ‘मेइजिन’ हा किताब मिळवलेल्या तानिगावांचा सर्वांत तरुण मेइजिनचा विक्रम मोडायला पुढे चाळीस वर्षं लागली. १९९५ मध्ये निन्टेन्डोच्या पुढच्या ‘सुपर फॅमिकॉम’ या यंत्रावर नवशिक्यांसाठी हाबूंच्या नावाचा खेळही आला.

नाव उस्तादाचं, पण पडद्यामागे हिशेब करणारा प्रोग्रॅम वेगळ्याच माणसांचा. मग शिकवत कोण होतं?

त्यासाठी पट पाहायला हवा. नऊ गुणिले नऊ घरं, दोन्हीकडे वीस-वीस मोहरे. सगळ्यांचा रंग एकच. टोक आपल्याकडे रोखलेलं, तो शत्रूचा. ‘गिन’ नावाचा मोहरा एक घर सरळ पुढे किंवा चारही तिरप्या दिशांना एक घर जातो. अल-बिरुनी या विद्वानाने अकराव्या शतकात भारतातल्या बुद्धिबळाची जी नोंद केली, तिच्यातला हत्ती नेमका असाच चालतो. शोगीची खरी गंमत मात्र मारलेल्या मोहऱ्यात आहे. तो पटाबाहेर जाऊन संपत नाही. मारणाऱ्याच्या हाती येतो आणि पुढे कधीही, जवळजवळ कुठल्याही रिकाम्या घरात, त्याच्याच बाजूने उतरतो. या ‘जवळजवळ’मध्येच नवशिका अडकतो. एका उभ्या ओळीत आपलं साधं प्यादं असताना तिथे दुसरं उतरवता येत नाही. ही चूक म्हणजे ‘निफू’, आणि खेळलात की डाव तिथेच हरलात. एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या २०१५ च्या चषकाच्या उपांत्य फेरीत टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर एका आठव्या दानाच्या व्यावसायिकाकडून हीच चूक झाली. असे नियम न कंटाळता पाळायला लावणं हे यंत्राच्या आवाक्यातलं काम होतं.

हे पडद्यावर आणणंसुद्धा सोपं नव्हतं. फॅमिकॉमचा पडदा २५६ बिंदू रुंद, आणि पार्श्वचित्र ८ बाय ८ बिंदूंच्या तुकड्यांनी भरायचं. मोहऱ्यावरचं कांजी अक्षर वाचता यावं म्हणून १६ बाय १६ बिंदू धरले, तर एका मोहऱ्याला चार तुकडे लागतात. पार्श्वचित्रातला तुकडा उलटा करून दाखवायची सोय या यंत्रात नाही, त्यामुळे शत्रूचे मोहरे वेगळे काढून ठेवावे लागतात. मूळ आठ आणि बढती मिळालेले सहा असे चौदा प्रकार, दोन दिशा, प्रत्येकी चार तुकडे: एकूण ११२. पार्श्वचित्राला एका वेळी मिळणाऱ्या २५६ तुकड्यांपैकी जवळजवळ निम्मे मोहऱ्यांनीच खाल्ले.

खेळण्याच्या बाबतीत तर यंत्र फारच तोकडं. आपल्या ओळखीच्या बुद्धिबळात एका वेळी सरासरी पस्तीसेक चाली शक्य असतात. शोगीत हातातले मोहरे धरून ऐंशीच्या आसपास. शिवाय डाव पुढे सरकतो तशी पटावरची गर्दी ओसरत नाही. काझुरो मोरिता यांनी हे कोडं अंगावर घेतलं. १९८२ मध्ये एनिक्स या गेम कंपनीच्या पहिल्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेत अव्वल आलेला हा माणूस. त्यांच्या खेळाचं नावच ‘मोरिता शोगी’. पेटीवर खेळाडूऐवजी प्रोग्रॅमरचं नाव! १९९५ च्या सुपर फॅमिकॉम आवृत्तीत तर कॅसेटच्या आतच एआरएम घराण्यातला ३२ बिटांचा प्रोसेसर बसवला होता. त्याचा वेग सुमारे २१ मेगाहर्ट्झ, आणि ज्या यंत्रात ती कॅसेट खोचायची त्याचा कमाल वेग ३.५८. म्हणजे विचार कॅसेटने करायचा आणि यंत्राने तो फक्त पडद्यावर दाखवायचा.

मोरितांची वाट पुढे रुंदावत गेली आणि शोगीचे प्रोग्रॅम बलवान होत गेले. २००५ मध्ये जपान शोगी संघटनेने व्यावसायिकांना परवानगीवाचून संगणकाशी जाहीर डाव खेळायला मनाई केली. धास्तीची ही सरळ कबुलीच. २०१२ च्या जानेवारीत माजी मेइजिन कुनिओ योनेनागा ‘बोनक्रास’ या प्रोग्रॅमकडून हरले. २०१७ मध्ये ‘पोनान्झा’ या प्रोग्रॅमने पदावर असलेल्या मेइजिन आमाहिको सातोंना हरवलं. बुद्धिबळात जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवायला ‘डीप ब्लू’ या संगणकाला १९९७ साल पुरलं होतं, शोगीने आणखी वीस वर्षं घेतली. २०२३ मध्ये, एव्हाना आठ झालेले सगळे किताब एकवटणारा सोता फुजी सरावासाठी स्वतःचा संगणक स्वतः जोडतो.

म्हणजे उस्ताद आता यंत्राकडून शिकतो. तरीही कॅसेटच्या काळात झालेली कामाची वाटणी मोडलेली नाही. तेव्हा यंत्र नियम सांभाळायचं आणि चालीमागचा विचार कुणाचा, हे सांगायला पेटीवर उस्तादाचं नाव लागायचं. आज किताबी लढतीच्या प्रक्षेपणात पडद्याच्या कडेला जिंकण्याची टक्केवारी झळकते. एका चालीत साठाची तीस झाली की मुद्दाम बोलावलेला व्यावसायिक खेळाडू पटापाशी जाऊन मोहरे हलवत सांगू लागतो, की बिघडलं ते नेमकं कुठे. आकडा यंत्र देतं. तो का घसरला, हे समजावायला अजून माणूसच लागतो.