बाहेरचा पंखा थांबला म्हणजे गॅस संपला असं नव्हे

हळ्ळीखेड (बी) हे बीदर आणि कलबुर्गी यांच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. बीदर शहर उंच पठारावर, म्हणून तिथला उन्हाळा जरा सुसह्य. कलबुर्गीत मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. हुमनाबाद तालुक्यातल्या या गावाला दोन्हीकडची झळ थोडी थोडी मिळते. पूर्वी ओल्या वाळ्याचा पडदा नाहीतर पत्र्याचा कूलर, एवढ्यावर निभायचं. आता दुकानदाराच्या नि शिक्षकाच्या घरीही दीड टनाचा स्प्लिट एसी असतो. ऐन उन्हात तो गरम हवा टाकायला लागला की घरातले, शेजारचे आणि फोनवर पुण्याचे जावई, सगळ्यांचं निदान एकच: गॅस संपला.

हे निदान करण्याआधी गच्चीवर जाऊन बाहेरचं युनिट बघणारा विरळाच. बघितलं तर पुष्कळदा दिसतं ते असं: युनिट गुणगुणतंय, पंखा मात्र जागचा हलत नाही. हा बिघाड बहुतेक वेळा शे-दोनशे रुपयांच्या सुट्या भागाचा असतो. तो हजारांवर नेऊन ठेवतात ते आपले समज.

सुरुवात गॅसपासूनच करू. एसीतला गॅस वापरून संपत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेरच्या जाळीत सोडतो आणि परत आत जातो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढाच त्याचा अर्थ. दर उन्हाळ्याला नेमाने ‘टॉप-अप’ करून घेणाऱ्या घरांत एक तर ती गळती कुणी शोधलेली नसते, किंवा गॅस मुळात कमी झालेलाच नसतो. गळतीच्या खुणाही वेगळ्या. नळीच्या जोडावर तेलाचा डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, कॉईलच्या एका भागावर बर्फ धरतो आणि थंडावा बहुधा हळूहळू, काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरत जातो. साध्या एसीत तेव्हाही बाहेरचा पंखा फिरतच असतो. पंखा थांबला तर मात्र काही मिनिटांतच खेळ आटोपतो.

असं का, ते आकड्यांतून बघा. एक टन म्हणजे एसीचं वजन नव्हे. एक अमेरिकन टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो हा वेग. आपल्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅटच्या आसपास उष्णता उपसतो. त्यात कंप्रेसरने स्वतः खाल्लेल्या दीडेक किलोवॅट विजेची भर. म्हणजे न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे तीन गीझर एकदम चालू ठेवावेत, त्याहून थोडी जास्तच उष्णता त्या छोट्या डब्यातून सतत बाहेर फेकायची असते, आणि फेकणारा असतो तो एक पंखा. तो थांबला की जाळीतला दाब चढतो, कंप्रेसर तापतो आणि त्याच्यावरचा ओव्हरलोड प्रोटेक्टर वीज तोडतो. थोडं निवल्यावर कंप्रेसर पुन्हा सुरू होतो, पुन्हा तापतो, पुन्हा तुटतो. आत बसलेल्याला एवढंच जाणवतं की दहा मिनिटं गार आणि मग नुसता वारा.

या अवस्थेत कुणी गेज लावून ‘बघा, प्रेशर बरोबर नाही’ म्हणालं तर हात जोडून थांबवावं. पंखा बंद असताना गेजवरच्या आकड्यावरून गॅस कमी की जास्त ते ठरतच नाही. आधी पंखा फिरला पाहिजे, मग मोजमाप. याच घाईत पुरेसा गॅस असलेल्या यंत्रात आणखी भरला जातो, आणि पंखा दुरुस्त झाल्यावरही एसी कुरकुरत राहतो.

‘पंखा थांबला की बिघाडच’ हाही समज खरा नाही. खोली ठरवलेल्या तापमानाला आली की कंप्रेसरबरोबर बाहेरचा पंखाही थांबतो, आणि तो थांबायलाच हवा. जानेवारी २०२० पासून देशात स्टार लेबलच्या घरगुती एसींना सुरुवातीचं तापमान २४ अंशांवर ठेवून देण्याचा नियम आहे. पावसाळी रात्री खोली तेवढी गार असेल तर बाहेरचं युनिट गप्प राहणारच. रिमोट चुकून फॅन मोडवर गेला असेल तरी तेच. लाईन जाऊन आल्यावर कंप्रेसरला साधारण तीन मिनिटं थांबवून ठेवण्याची सोय एसीतच असते. आपल्याकडे संध्याकाळी लाईन पाच वेळा जाते-येते, तेव्हा अधीर होऊन रिमोट दाबत बसू नये. कूल मोड, १८ अंश, पाच मिनिटं धीर. एवढं करूनही पंखा हलला नाही, तर मग बिघाड धरा.

आणि तसा धरलात की पहिलं काम एसीचा एमसीबी खाली पाडणं. कंप्रेसर चालतोय ना, थोडं तरी गार होतंय ना, म्हणून रात्र काढणारे लोक सगळ्यात महाग पडतात. ओव्हरलोड प्रोटेक्टर असतो तो अडचणीपुरता, रात्रभर दर पंधरा मिनिटांनी कामाला लावायला नव्हे. अशा तापण्याने कंप्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन आणि आतलं तेल दोन्ही बिघडतात.

‘मोटर जळाली’

दुसरं आवडतं निदान हे. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीत बाहेरच्या पंख्याची मोटर सिंगल फेजची असते आणि सिंगल फेजवर मोटर आपोआप फिरायला लागत नाही. तिच्यात दोन वाइंडिंग असतात. दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकवला तरच चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि पंख्याला दिशा मिळते. हे सरकवण्याचं काम कपॅसिटरचं. पंख्याचा कपॅसिटर लहान, बहुधा दीड ते पाच मायक्रोफॅरडचा. कंप्रेसरचा मोठा, पंचवीस ते पन्नासच्या घरातला. काही यंत्रांत दोन्ही एकाच डब्यात असतात आणि त्यावर सी, फॅन, हर्म अशी तीन टोकं लिहिलेली असतात. आपल्या बाजारात कपॅसिटरलाच ‘कंडेन्सर’ म्हणतात, आणि कंपनीच्या कागदावर कंडेन्सर म्हणजे बाहेरची ती सगळी तांब्या-ॲल्युमिनियमची जाळी. फोनवर ‘कंडेन्सर गेलाय’ ऐकून हजारोंचा अंदाज आला तर आधी विचारा, कोणता?

कपॅसिटर मरतो तो मुख्यतः उष्णतेने. आत प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर धातूचा मुलामा असतो, तो वर्षागणिक झिजतो. अशा भागांबद्दल ढोबळ नियम सांगतात की तापमान दहा अंशांनी वाढलं तर आयुष्य निम्म्यावर येतं. पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारभर उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या डब्यात तो बसवलेला असतो, म्हणून एप्रिल-मे हाच त्याच्या मरणाचा मोसम. क्षमता एकदम शून्यावर येत नाही. आधी पंखा उशिरा सुरू होतो, मग गुणगुणतो, मग सुरूच होत नाही.

मोटर आणि कपॅसिटर यांतला फरक बऱ्यापैकी कळतो तो पंखा हाताने फिरवून, पण एमसीबी बंद करून, पंखा आणि आवाज पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावर. जाळीतून लाकडी पट्टीने पातं हलकं ढकला. सहज दोन-चार फेरे फिरलं तर संशय कपॅसिटरवर. अडखळलं, घासल्याचा आवाज आला किंवा पातं वरखाली हललं तर बेअरिंग गेलंय आणि तिथे कपॅसिटर बदलून उपयोग नाही. पातं मोकळं आहे, कपॅसिटर नवा घातला, तरी मोटर हलत नाही, तर मात्र वाइंडिंग किंवा तिच्यापर्यंत वीज नेणारा रिले तपासायचा. रिलेच्या टोकांत मुंग्या किंवा पाल अडकून मेल्याची उदाहरणं आपल्या भागातल्या मेकॅनिककडे ढिगाने मिळतील.

यातूनच एक घातक युक्ती निघाली आहे: चालू एसीच्या जाळीत काठी घालून पंख्याला धक्का द्यायचा. पंखा फिरायला लागतो हे खरं, कारण एकदा दिशा मिळाली की मोटर लंगडत का होईना चालते. पण पुढच्या वेळी कंप्रेसर थांबून सुरू झाला की पुन्हा तेच. काठी पात्यात अडकून तुटते, बोटं जातात. आणि तशा लंगडत्या चालीत वाइंडिंग तापत राहतं, म्हणजे कपॅसिटरवर भागणारं काम शेवटी मोटरवर जातं.

‘मोठ्या नंबरचा टाका, जोरात फिरेल’ हा सल्लाही दुकानात मिळतो. तो ऐकू नये. मोटरवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच कपॅसिटर हवा. मोठा घातला तर दुसऱ्या वाइंडिंगमध्ये जास्त करंट जातो आणि मोटर तापते. व्होल्टचं उलट आहे: ४४० लिहिलेलं असेल तर ४४० किंवा त्याहून जास्त चालतं, कमी चालत नाही. हे काम घरच्या माणसाने करू नये असं माझं मत आहे, कारण वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो आणि त्याचा झटका माणूस शिडीवर असताना बसतो. घरच्याने नंबर वाचून लिहून घ्यावा, तेवढं पुरे.

इन्व्हर्टर एसीला वरचं बरंचसं लागू पडत नाही. त्यात बाहेरचा पंखा बहुधा बीएलडीसी मोटरचा असतो, त्याला वेगळा कपॅसिटर नसतो, पंखा सर्किट बोर्डाच्या हुकमाने कमी-जास्त वेगात फिरतो. हळू फिरतोय म्हणून घाबरू नये. तो पूर्ण थांबला तर आतल्या डिस्प्लेवर अक्षर-आकड्याचा कोड येतो. तो तसाच लिहून ठेवा, कारण तीच खरी तक्रार. गॅस फार कमी झाल्यावर असा एसी स्वतःहून सगळंच बंद करतो आणि मग पंखाही थांबतो, पण त्याचाही कोड वेगळा असतो. या बोर्डावर २३० व्होल्टचं रूपांतर तीनशेहून जास्त डीसी व्होल्टमध्ये झालेलं असतं आणि वीज तोडल्यावरही ते काही काळ टिकतं. इथे पंखे दुरुस्त करणाऱ्या वायरमनला झाकण उघडू देऊ नका. बऱ्याच नव्या एसींत आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो. गॅस नळीत असताना कुणी ज्योत घेऊन वेल्डिंगला बसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पाणी, पोतं आणि पत्रा

युनिट तापलं म्हणून बादलीने पाणी मारणं ही आपली जुनी सवय. वीज बंद करून, कडेचे विजेचे भाग वाचवून, साध्या धारेने जाळी धुणं चांगलंच आहे. चालू युनिटवर पाणी फेकणं मात्र वाईट. त्यात बोअरचं जड पाणी रोज उडवलं की पातळ पत्र्यांवर पांढरा थर बसतो आणि हवा जाण्याची वाटच बुजते. तुरीच्या राशी आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत होतात. त्या भुशाची नि मातीची कणी उडून मागच्या जाळीवर चिकटते, आणि बरोबर उन्हाळ्याच्या तोंडाशी एसीचा श्वास कोंडतो. मार्चमध्ये एकदा मागची बाजू धुतली तर पुढचं पुष्कळ टळतं.

सावली हवी, पण वरून. युनिटभोवती पोतं, ताडपत्री किंवा चोरांसाठी दाट पत्र्याची पेटी केली तर पंख्याने फेकलेली गरम हवाच परत आत ओढली जाते. वर छज्जा, समोर मोकळी जागा आणि मागे कंपनीने सांगितलेलं अंतर, एवढं पुरतं.

स्टॅबिलायझर आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी एक हिशेब. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर जोर जेमतेम ६१ टक्के उरतो, आणि अशक्त कपॅसिटरवर तगलेला पंखा त्या संध्याकाळी उठतच नाही. स्टॅबिलायझर हे व्होल्टेज सावरतो, पण म्हातारा कपॅसिटर तरुण करत नाही. आणि ‘स्टॅबिलायझर नको’ असं लिहिलेल्या एसीलाही व्होल्टची मर्यादा असतेच, ती खोक्यावर छापलेली असते. घरात दिवेही मंद होत असतील तर एसीचा मेकॅनिक बोलावण्याआधी जेस्कॉमच्या १९१२ वर तक्रार नोंदवा.

बिलाचंही बघा. कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत, २०२३ पासून, महिन्याला २०० युनिटांच्या आत राहणाऱ्या घरांना त्यांच्या ठरलेल्या सरासरीपर्यंतची वीज मोफत मिळते. दोनशे ओलांडले की पूर्ण बिल. जाळी बुजलेला किंवा पंखा अडखळणारा एसी त्याच गारव्यासाठी जास्त युनिट खातो, आणि अशा एका महिन्यात बिल शून्यावरून हजारांत जाऊ शकतं.

मे महिन्यात दुपारी तीनला खोली पटकन गार होत नाही, हाही दरवेळी बिघाड नसतो. एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते. बाहेर ४२ असताना तो तेवढा पुरणार नाहीच.

मेकॅनिक हुमनाबादहून येवो की बीदरहून, फोनवर मॉडेल नंबर, पंखा पूर्ण बंद की उशिरा सुरू होतो, गुणगुण येते का, आणि डिस्प्लेवर कोड आहे का, एवढं सांगा. येताना तो बरोबर भाग घेऊन येईल. जुना कपॅसिटर किंवा मोटर आपल्या ताब्यात मागून घ्या. कंप्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी अनेक कंपन्या देतात, पण तिच्यात पंख्याची मोटर, कपॅसिटर आणि मजुरी बहुधा धरलेली नसते. कार्ड काढून वाचा. काम झाल्यावर लगेच पैसे देऊ नका. पंधरा मिनिटं एसी चालू ठेवून पंख्यासमोर वहीचा कागद धरा. तो बाहेरच्या बाजूला फडफडला पाहिजे आणि येणारी हवा चांगली गरम लागली पाहिजे. कागद जाळीकडे ओढला गेला तर नव्या मोटरच्या वायरी उलट्या जोडल्यात, पंखा उलटा फिरतोय. शिडी काढायच्या आत मेकॅनिकला परत वर पाठवा.