रिकामें राहणारें धरण

धरण म्हटलें कीं तुडुंब भरलेला जलाशय डोळ्यांपुढें येतो. परंतु जें शक्य तितकें रिकामें राहावें म्हणूनच बांधतात, अशा मातीच्या लहान धरणाची हकीगत आज आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांतून वॉशिटा नदी वाहते. सन १९३४ च्या एप्रिलांत तिच्या पुरानें हॅमन गांवाजवळ १७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्यान्वयें जीं ११ पाणलोट क्षेत्रें निवडलीं, त्यांत ही नदी होती. त्या योजनेंतील पहिलें धरण कॉर्डेल गांवाजवळ क्लाउड क्रीक ह्या ओढ्यावर जुलै १९४८ मध्यें पुरें झालें.

मोठी नदी खालीं अडविण्यापेक्षां तिला मिळणारे ओढे वरच्या अंगास अडवावे, ही त्यांतील युक्ति. बांधाच्या पोटांतून नळ काढलेला असतो. नळाच्या तोंडाखालीं गाळास जागा, वरती पुरास जागा. चढलेलें पाणी नळावाटें कांहीं दिवसांत सावकाश उतरतें व पुढील पुरास जागा मोकळी होते. त्याहून अधिक पाणी आल्यास तें बाजूच्या गवताळ सांडव्यानें जातें. मातीच्या बांधावरून पाणी कदापि जाऊं नये. माती वाहूं लागली कीं बांध फुटतो. आपल्या पाझर तलावाचा हेतु पाणी मुरविण्याचा. ह्याचा हेतु तें थोपवून बेतानें सोडण्याचा.

महसूल खात्यांत असतां खरडलेल्या जमिनींचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. म्हणून ह्या कामांतील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. वरच्या खातेदारांनीं आपल्या जमिनींत पुराचें पाणी तात्पुरतें साचूं देण्याचा हक्क लेखी करून दिला, तेव्हां खालच्यांचीं पिकें वांचलीं. शिवाय वरच्या शेतांत समपातळीची नांगरट, ताली व गवत राखावें लागतें. नाहींतर गाळानें धरण अकालीं भरतें.

आज त्या राज्यांत अशीं २,१०० हून अधिक धरणें आहेत. पुष्कळांचें आयुष्य ५० वर्षें धरलें होतें. तें उलटून गेलें, आणि कित्येकांच्या खालीं नवीं घरें उभीं राहिलीं. म्हणून २००० सालीं दुरुस्तीसाठीं निराळा कायदा करावा लागला.

बांध बांधून काम संपत नाहीं. ज्यांच्या शिवारांत मातीचा बांध असेल, त्यांनीं मृगापूर्वीं तो एकवार पायीं फिरून पाहावा. बांधावर वाढणारीं झाडें, उंदीर-घुशींचीं बिळें, तुंबलेला सांडवा आणि पायथ्याशीं गढूळ पाझर, ह्यांपैकीं कांहींहि दिसल्यास पावसाची वाट न पाहतां इलाज करावा.