प्रश्न दोन, उत्तरे दोन

२६ नोव्हेंबर २००८ रोजी समुद्रमार्गे आलेल्या दहा हल्लेखोरांनी मुंबईत १६६ जणांचे प्राण घेतले. त्यानंतर वाद पेटला. एक पक्ष म्हणे, सीमेपलीकडच्या शत्रूला शासन करा. दुसरा म्हणे, आधी आपले दार पाहा.

वस्तुतः हे दोन निराळे प्रश्न होत. हल्ला कोणी केला, याचे उत्तर लष्कर-ए-तय्यबाच्या कटात आहे. तो तडीस का गेला, याचे उत्तर आपल्याच व्यवस्थेत शोधावे लागते. व्यवस्थेतील उणीव दाखविल्याने कट रचणाऱ्याचा गुन्हा तिळमात्र हलका होत नाही. महाराष्ट्र शासनाने राम प्रधान समिती नेमली ती या दुसऱ्या प्रश्नासाठीच. त्या रात्री कमांडो दिल्लीहून यावे लागले; २००९ मध्ये त्यांचे केंद्र मुंबईतच उघडले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र न्यायालयात सिद्ध झाले. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण वेचून एक हल्लेखोर जिवंत धरून दिला. त्याला वकील मिळाला, साक्षीपुरावे तपासले गेले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरच, २०१२ मध्ये, त्याला फाशी झाली. संतापाच्या भरात तो मारला गेला असता, तर त्याच्या तोंडून निघालेली कटाची हकीगतही त्याच्याबरोबरच गेली असती.