लेसरची काच आणि धुळीचा एक कण

१३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे डीआरडीओने वाहनावर बसवलेल्या लेसरने ड्रोन पाडून दाखवले. ही यंत्रणा तयार करण्यात आपल्या हैदराबादच्या 'चेस' या प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. तिची शक्ती ३० किलोवॅट असल्याचे वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे एक हजार वॅटच्या ३० इस्त्र्या एकदम! मग प्रश्न पडतो, ड्रोन जाळणारा हा किरण यंत्रातील स्वतःचेच आरसे आणि भिंगे का जाळत नाही?

याचे एक कारण म्हणजे आरशावरील खास लेप. समजा, आरशाने ९९.९ टक्के प्रकाश परतवला. उरलेला सगळा आरशात मुरला तरी ३० किलोवॅटपैकी फक्त ३० वॅट उष्णता होते. दुसरा उपाय म्हणजे किरण रुंद करणे. एक सेंटिमीटर व्यासाचा किरण दहा सेंटिमीटरचा केला, की क्षेत्रफळ शंभरपट वाढते आणि काचेच्या प्रत्येक बिंदूवरील मारा शंभरावा भाग उरतो. लक्ष्यावर तो पुन्हा एकवटतात.

तरीही एक शत्रू उरतोच, तो म्हणजे धूळ! काचेवर बसलेला कण प्रकाश शोषतो, तापतो आणि जळतो. त्याचा काळा डाग लेपावर पडतो, तो डाग आणखी उष्णता शोषतो आणि अखेर काच तडकते. बोटाच्या तेलकट ठशानेही हेच होते. म्हणून पत्रा कापणाऱ्या लेसर यंत्रांत महागड्या भिंगापुढे एक साधी संरक्षक काच बसवतात. खराब झाली की तेवढीच बदलायची.

काच पुसण्याचीही रीत आहे. आधी लेसर पूर्ण बंद करून वीज तोडायची. हातमोजे घालायचे. प्रथम स्वच्छ, कोरड्या हवेने धूळ उडवायची. मग भिंगाच्या खास कागदावर योग्य द्रावणाचे थेंब घेऊन, न दाबता, एकाच दिशेने एकदाच पुसायचे. तो कागद पुन्हा वापरायचा नाही. नंतर तिरप्या उजेडात काच तपासायची आणि सुरुवात कमी शक्तीने करायची.

पालकहो, चष्मा सदऱ्याच्या टोकाने पुसण्याची सवय आपल्या घरोघरी आहे. कोरडी धूळ घासली, की चरे पडणारच. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाचेही तसेच. मुलांना ही शिस्त आजच लागली, तर उद्या प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात लाखमोलाची काच त्यांच्या हाती निर्धास्तपणे देता येईल.

आणि एक गोष्ट विसरू नका : लेसर लहान असो वा मोठा, त्याच्या किरणाकडे थेट कधीही पाहू नये. काच बदलता येते, डोळा नाही!