तुटीचा भार आणि कराचा हिशेब

राज्याच्या अर्थसंकल्पातील तूट हा मुंबईतील जाणकारांनी चर्चावयाचा विषय आहे, अशी समजूत तालुक्याच्या गावी अद्याप दृढ आहे. वस्तुतः ही तूट नायगावलाही गाठतेच. फरक इतकाच की तेथे ती कोटींच्या आकड्यांनी कळत नाही. मुद्रांकाच्या वाढलेल्या किमतीने आणि नव्या टेम्पोवर पडलेल्या कराने कळते. म्हणून या आकड्यांचा अर्थ सामान्य नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

१० मार्च २०२५ रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५ लाख ६० हजार ९६४ कोटी रुपये आणि महसुली खर्च ६ लाख ६ हजार ८५५ कोटी रुपये धरण्यात आला होता. म्हणजे ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट गृहीतच धरलेली होती. वेतन, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने हा नित्याचा खर्चही उत्पन्नातून भागत नाही, असा याचा अर्थ. धरणासाठी काढलेले कर्ज पुढच्या पिढीला निदान पाणी देते. नित्याच्या खर्चासाठी काढलेल्या कर्जातून तिच्या वाट्याला केवळ परतफेड येते.

तूट हे दरवेळी उधळपट्टीचेच लक्षण असते, असे मात्र नव्हे. २०२५ च्या पावसाळ्यात अतिवृष्टीने मराठवाड्याची उभी पिके आणि जमिनी खरवडून नेल्या. त्यानंतर ७ ऑक्टोबर रोजी सरकारने जाहीर केलेल्या ३१ हजार ६२८ कोटींच्या मदतीस खर्चवाढ म्हणून कोणी नाक मुरडणार नाही. महिलांना दरमहा दीड हजार रुपये देणाऱ्या योजनेसाठी त्याच वर्षी ३६ हजार कोटींची तरतूद होती. तिचा आधार गरीब घरांना वाटतो, हेही खरे. आक्षेप खर्चाला नाही. देण्याची घोषणा आधी आणि ते कोठून द्यावयाचे याचा विचार मागाहून, या क्रमाला आहे.

मागाहून शोधलेल्या मार्गांना निवडही फारशी उरत नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि बहुतेक वस्तूंवर स्वतःच्या इच्छेने विक्रीकर वाढविण्याचा राज्यांचा अधिकार संपला. या करामुळे होणाऱ्या घटीची केंद्राकडून मिळणारी पाच वर्षांची भरपाईही जून २०२२ मध्ये थांबली. राज्याच्या हाती राहिले ते मद्य, पेट्रोल-डिझेल, वाहने, मुद्रांक, वीज आणि व्यवसाय यांवरील कर. पैशाची निकड लागली की सरकारचा हात याच मोजक्या ठिकाणी जातो.

गेल्या काही काळातील उपाय पाहावेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होणाऱ्या अनेक दस्तांसाठी पाचशे रुपये ठरले. २०२५ च्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनांना किमतीच्या सात टक्के कर एकरकमी भरणे आले. जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवून वर्षाला १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाची अपेक्षा धरण्यात आली. यांपैकी वाहनांच्या या करातून अपेक्षित असलेली रक्कम सुमारे ६२५ कोटी, म्हणजे तुटीच्या दीड टक्क्याहूनही कमी होती. भाजीपाला नेणाऱ्या टेम्पोवाल्यास मात्र ती रक्कम कर्जाच्या पहिल्या हप्त्याआधीच उभी करावी लागते. पाचशेचा मुद्रांक सधन व्यापाऱ्यास जाणवत नाही. शेतमजुराची एका दिवसाहून अधिक मजुरी त्यात जाते. जात, उत्पन्न व रहिवासाच्या दाखल्यांसाठी लागणाऱ्या प्रतिज्ञापत्रांना हे शुल्क नसल्याचे मार्च २०२५ मध्ये सरकारला जाहीर करावे लागले. विद्यार्थ्यांना दिलासा मिळाला, हे चांगलेच झाले. पण भार कोणावर पडेल याचा विचार आकारणीपूर्वी व्हावयास हवा होता. मद्याची तर गोष्टच निराळी. ज्या व्यसनाला आळा घालणे हे राज्यघटनेच्या कलम ४७ ने राज्याचे कर्तव्य ठरविले आहे, त्याच्याच खपावर तिजोरीची भिस्त ठेवणे फार काळ शोभणारे नाही.

कर घ्यावा कसा, याचे उदाहरण महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. तेव्हा नांदेडचेच शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते. शहरातील नोकरदाराने द्यावे आणि त्यातून दुष्काळी गावातील हातांना काम मिळावे, असा तो करार होता. पगारातून कपात होणाऱ्याला ती कशासाठी होते, हे सांगता येत होते. हा पैसा सर्वस्वी त्याच कामी लागला नाही, अशी टीका पुढे वारंवार झाली, आणि ती झाली हेही त्या कराराचेच फळ होय. हेतू सांगितलेला होता म्हणूनच जाब विचारता आला.

आज या करातील विषमताही डोळ्यांत भरते. कलम २७६ नुसार त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५० रुपये होती; १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली आणि तेथेच थांबली. परिणामी सामान्य कारकून आणि वर्षाला कोट्यवधी मिळविणारा कंपनीप्रमुख दोघेही सारखेच अडीच हजार भरतात. ही मर्यादा वाढवून वरच्या उत्पन्नांवर चढत्या दराने कर बसविता येईल. त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल, हे खरे; परंतु केंद्राकडे तशी आग्रही मागणी करणे राज्याला अवघड नाही. शिक्षक-कारकुनांच्या संघटनांनीही वेतनवाढीच्या मागणीइतकाच या प्रश्नाकडे लक्ष देणे उचित ठरेल. कारण तिजोरी रिकामी राहिली तर थकणारे वेतन आणि न भरल्या जाणाऱ्या जागा त्यांच्याच असतात.

तूट भरून काढण्यासाठी कर वाढवावे लागतील, हे लोकांना समजत नाही असे नाही. मराठवाड्याने टंचाईत काटकसर पुरेशी शिकली आहे. प्रत्येक नव्या कराबरोबर त्याचे प्रयोजन जाहीर व्हावे, वर्षअखेरीस त्याचा जमाखर्च तहसील कार्यालयाच्या फलकावर लागावा, आणि भार पेलण्याची शक्ती पाहून वाटला जावा, एवढीच अपेक्षा आहे. ती पुरी झाल्यास नायगावचा नागरिक पाचशेचा मुद्रांकही कुरकुर न करता घेईल. ती पुरी न झाल्यास शंभराचाही त्याला जाचच वाटेल.