दूधबाटली : निवड आणि निगा

पहिल्या अपत्याच्या आगमनाबरोबर दूधबाटली खरेदी करण्याची घाई अनेक कुटुंबांत होते. वास्तविक पहिले सहा महिने मातेचे दूध हाच बालकाचा परिपूर्ण आहार होय. वैद्यकीय सल्ल्यानुसार वरचे दूध देणे अपरिहार्य ठरल्यास वाटी-चमचा किंवा आपल्याकडील पूर्वापार बोंडले अधिक सुरक्षित, कारण ते सहज घासता येते. बाटलीच्या गळ्यात व निपलमध्ये दुधाचा अंश राहून जंतू वाढतात आणि बालकास अतिसाराचा धोका संभवतो.

बाटली घ्यावयाचीच असल्यास ती रुंद तोंडाची व उकळता येण्याजोगी असावी. प्लॅस्टिकची असल्यास बिस्फेनॉल-ए विरहित असावी. वेष्टनावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह अवश्य पाहावे. १९९२ च्या केंद्रीय कायद्यान्वये त्याविना विक्री दंडनीय आहे. दूधबाटल्यांच्या जाहिरातीसही हा कायदा मनाई करतो.

प्रत्येक वापरापूर्वी बाटली व निपल घासून, पाण्यात पूर्ण बुडवून किमान पाच मिनिटे उकळावे. उरलेले दूध पुन्हा पाजू नये. चरे पडलेली बाटली व चिरलेले निपल वापरातून काढून टाकावे.

पंचायत सदस्य, शिक्षक व अंगणवाडी सेविका यांनी ही माहिती प्रत्येक नवमातेच्या घरी पोहोचविणे अगत्याचे आहे.