तीन गोळ्या

अळणावरच्या आमच्या घरात पणजोबांचा एक फोटो आहे. हातात बंदूक, पायाशी रानडुक्कर. दांडेलीकडचं रान तेव्हा गावाच्या पाठीशीच होतं. मी लहानपणी त्या फोटोकडे कौतुकानं बघायचो, पण अज्जा दरवेळी दुसऱ्याच एका डुकराची गोष्ट सांगायचे. गोळी पोटात लागली, जनावर वेळूच्या बेटात घुसलं, कंदील घेऊन रात्री उशिरापर्यंत शोधलं, सापडलं नाही. "आदल्या दिवशी बंदूक पडली होती. मणी वाकला असणार. कुणी तपासलंच नाही," एवढं बोलून ते गप्प व्हायचे.

मणी म्हणजे नळीच्या टोकावरचा ठिपका. मागच्या खाचेतून तो बघायचा आणि नेम धरायचा. त्याला एवढं काय महत्त्व, ते मला बऱ्याच वर्षांनी पेनसिल्व्हेनियात कळलं. कंपनीच्या कामासाठी तिथे होतो. हरणांचा हंगाम सुरू होण्याआधी शेजारचे एक गृहस्थ रायफल घेऊन रेंजवर निघाले आणि मलाही सोबत नेलं. काउबॉय सिनेमात असते तशी, विंचेस्टरचं १८९४ मॉडेल. चापाभोवतीची तरफ खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, म्हणून गोळ्यांची तोंडं चपटी. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टोचली आणि धक्का बसला, तर आतच बार उडायचा.

पन्नास यार्डांवर कागद लावला, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. पहिली गोळी डावीकडे गेली. मी लगेच म्हटलं, "खाच उजवीकडे सरकवा." ते हसले आणि कशालाही हात न लावता आणखी दोन मारल्या. एक गोळी म्हणजे कदाचित आपलाच हात हलला असेल. तिन्ही एकाच जागी पडल्या तर दोष बंदुकीचा. (एकाच लॉगवरून कोड बदलणाऱ्या आम्हा लोकांना हे भिंतीवर लिहून ठेवायला हवं.) तिन्हींचा मध्य चार इंच डावीकडे होता. खाच आणि मणी यांच्यात वीस इंच अंतर. समरूप त्रिकोणाचा हिशोब केला तर खाच उजवीकडे सरकवायची फक्त एक मिलिमीटरभर. पितळी खिळ्यावर हातोडीची हलकी टिचकी. पुन्हा तीन.

हाच मिलिमीटर शंभर यार्डांवर आठ इंच होतो. हरणाच्या छातीत गोळी लागायची जागाच साधारण आठ-दहा इंचांची. छातीवर धरलेला नेम पोटात जातो तो असा. मला वेळूचं बेट आठवलं.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली, ते बरंच झालं. पण नेम तपासायची रीत नेमबाजीत आहेच. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं. त्या स्पर्धेतसुद्धा सुरुवातीला तयारीसाठी पंधरा मिनिटं मिळतात. त्यातल्या गोळ्यांना गुण नाहीत. वारा, उजेड बघायचा आणि साइटच्या टिचक्या फिरवायच्या.

त्या रात्री रेंजवरून आल्यावर अज्जांना फोन केला, सगळं सांगितलं. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "तीन-तीन गोळ्या कागदावर? अरे, आमच्याकडं त्या दिवशी काडतुसंच मुळी दोन होती."